पातूरच्या खाणीत पाहिलेलं स्थळ

चि. सई आणि चि. मिहिर,

तुम्ही तिकडे परदेशात बोटीतून काढलेला व्हिडिओ मी चष्मा पुसून चार वेळा पाहिला. समुद्रातून सरळ उभा राहिलेला काळा कडा, त्याच्यावर खडूने टिपके दिल्यासारखे हजारो पांढरे पक्षी, आणि मागून मिहिरचा आवाज, "आई, त्यांना सांग ना अजून जवळ न्यायला!" नावाडी काही बोट जवळ नेईना. तो फार खडूस होता, असं मिहिरने मला नंतर फोनवर सांगितलं. सईचा प्रश्न वेगळा होता. "आजी, इतक्या धोक्याच्या जागी कोणी अंडी घालतं का? हे पक्षी वेडे आहेत का?"

उत्तर मी फोनवरच देणार होते. पण त्याच आठवड्यात आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या नोकरीतलं काहीतरी लिहा." एका फेरीत दोन कामं करायची मला सवय आहे. तेव्हा अंकाच्या वाचकांनी माफ करावं. हे त्यांच्यासाठी आहेच, पण आधी तुम्हा दोघांसाठी आहे. आई वाचून दाखवेल. तिने मधले परिच्छेद गाळू नयेत, ही विनंती.

सुरुवातीलाच कबूल करते. समुद्रपक्ष्याचं घरटं मी आयुष्यात प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. अकोल्याहून समुद्र गाठायचा तर रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. आमच्या नदीचं नाव मोर्णा, आणि ती वाहते आहे की नाही हे उन्हाळ्यात पुलावरून वाकून पाहावं लागतं. तरीही एकतीस वर्षं मी इथल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं आणि दरवर्षी समुद्रकड्यावरच्या पक्ष्यांचा धडा घेतला, कारण तो अभ्यासक्रमात होता. पुस्तकं इंग्रजी, उदाहरणं परदेशी. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"मॅडम, हा पक्षी आपल्याकडे आहे का?"

"नाही."

"परीक्षेत येते का?"

"येतो."

"मग आहे," असं म्हणून त्याने वहीत लिहून घेतलं.

पुस्तकात दोन पक्षी होते. एक किटिवेक, तुमच्या व्हिडिओतला तो छोटा, काळ्या पायांचा कुरव. दुसरा गिलेमॉट. तो घरटं बांधतच नाही, उघड्या दगडावर एकच अंडं घालतो. ते अंडं एका टोकाला निमुळतं असतं. निमुळतं का, हे दाखवायला मी भोवरा आणायचे. टेबलावर आडवा ठेवून ढकलला की भोवरा सरळ न जाता गोल फिरून जागेवर येतो. "बघा, म्हणून अंडं कड्यावरून पडत नाही," असं मी टाळी वाजवून सांगायचे. निवृत्तीच्या जवळ आल्यावर वाचनात आलं की कारण इतकं सोपं नाही. उतरत्या दगडावर असं अंडं मुळात स्थिर बसतं म्हणूनही तो आकार असेल, आणि जाणकारांचं अजून एकमत नाही. तोवर माझ्या कितीतरी तुकड्या तो भोवरा डोक्यात घेऊन बाहेर पडल्या होत्या. त्यांच्यापैकी कोणी हा अंक वाचत असेल, तर त्यांनी तेवढं दुरुस्त करून घ्यावं.

पण भोवऱ्याने कडा दिसत नाही. मुलांना कडा दाखवायचा म्हणून मी शोधाशोध केली आणि पातूरजवळ पोचले. एसटीने तासाभराचा रस्ता. तिथे डोंगरात कोरलेली जुनी लेणी आहेत, आणि थोडं पलीकडे एक बंद पडलेली दगडखाण होती. खाण खणताना काळ्या दगडाची उभी भिंत उरली होती, तीन माणसं एकावर एक उभी केली तरी वर पोचणार नाहीत इतकी उंच. त्या भिंतीवर एक धुरकट तपकिरी रंगाची भिंगरी (पाकोळीसारखा छोटा पक्षी) घरटं करायची. तिच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'कड्यावरची भिंगरी' असा होतो. मी तिला कडाभिंगरी म्हणू लागले आणि मुलंही म्हणू लागली.

कडाभिंगरी चिखलाच्या गोळ्यांचं घरटं बांधते. अर्धी वाटी भिंतीला चिकटवल्यासारखं. किटिवेकही कड्यावर चिखल आणि गवत थापूनच बसतो. एक समुद्राकाठचा कुरव, दुसरी आमच्या दगडखाणीतली भिंगरी, नात्याने एकमेकांच्या कोणी नाहीत. पण जागा पाहण्याची दोघांची रीत एक. पाठीशी भिंत हवी, म्हणजे मागून कोणी येत नाही. डोक्यावर दगडाचा पुढे आलेला भाग हवा, म्हणजे वरून झडप घालणाऱ्याला वाट मिळत नाही. आणि पायाखाली काही नको, म्हणजे चढणाऱ्याला आधार मिळत नाही. मी हे इंग्रजीत तीन मुद्द्यांत लिहून द्यायचे. मुलांनी त्याचं एका ओळीत वऱ्हाडी केलं होतं: "वर झाकन, मांगं भित, खाली काईच नाई." उत्तरपत्रिकेत त्यांनी माझे मुद्दे लिहिले असतील, पण लक्षात ही ओळ राहिली.

आमच्या कामात दुसरं काही नसतं. बसायचं, पाहायचं आणि घड्याळ पाहून लिहायचं. पक्षी आला, वेळ. पक्षी गेला, वेळ. लोकांना वाटतं की पक्षी पाहणं म्हणजे दुर्बीण. खरं तर त्यात मुख्य काम मांडी न हलवता बसण्याचं.

आता करुणाची गोष्ट सांगते.

करुणा शेवटच्या वर्षाला होती. जुन्या शहरातून सायकलवर यायची. वडील प्रल्हादभाऊ कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत कामाला, आई लहानपणीच गेलेली, घरात आजी. वर्गात फार बोलायची नाही. पण तिची नोंदवही मी बाकीच्यांना दाखवायला मागून घ्यायचे. इतरांनी "पक्षी घरट्यावर आला" लिहिलं असेल तिथे तिने लिहिलेलं असायचं, "चोचीत चिखल, आधी डावीकडे बसली, खाली पाहिलं, मग घरट्यावर." तिला पुढे एम.एस्सी. करायचं होतं. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही प्रयोगशाळेच्या खिडक्या लावता लावता.

त्या वर्षी श्रावण सरत आला असताना मी सगळ्या वर्गाला पहिल्यांदा खाणीवर नेलं. एक घरटं माणसाच्या डोक्यापेक्षा बरंच वर, पण शिडीच्या टप्प्यात होतं. शेजारच्या शेतातून लाकडी शिडी मागून आणली. काठीला आरसा बांधून घरट्यावर धरला. आरशात तीन अंडी दिसली, पांढरी, तांबूस ठिपक्यांची. मुलं पाळीपाळीने चढली. तेवढ्यात पावसाची सर आली आणि परतीच्या एसटीची वेळ झाली. शिडी शेतात नेऊन ठेवायला हवी होती. मी विचार केला की पुढच्या रविवारी यायचंच आहे, पुन्हा आणण्यात अर्धा तास जाईल, राहू दे इथेच. माझ्या वेळापत्रकात तो अर्धा तास वाचला.

सोमवारी प्राचार्यांनी बोलावलं. दर रविवारी मुलांना बाहेर नेता, तर पालकांची लेखी संमती घ्या म्हणाले. मी म्हटलं, पालकांना कळावं म्हणून पत्र मराठीत लिहू. इथे एक सांगायला हवं. माझं सगळं शिक्षण नागपूरला, मिशनच्या शाळेत आणि नंतरही इंग्रजीत झालं. घरी मराठी बोलत असले तरी प्राणिशास्त्र माझ्या डोक्यात इंग्रजीतच यायचं. या विषयाला इंग्रजीत नेस्ट-साइट सिलेक्शन म्हणतात. साइट म्हणजे स्थळ. सिलेक्शन म्हणजे निवड. मी व्यवस्थित, सुवाच्य अक्षरात लिहिलं:

"विषय: स्थळनिवड. आपल्या पाल्यास येत्या रविवारी पातूर येथे स्थळ पाहण्यासाठी नेण्यात येत आहे. स्थळ काळजीपूर्वक पारखून घेतले जाईल. कृपया संमती द्यावी."

तुमचे आजोबा वकील. कुठलाही मसुदा त्यांच्या नजरेखालून घालायचा माझा नियम होता. त्या दिवशी ते कोर्टाच्या कामाला अमरावतीला गेले होते. पत्राच्या प्रती निघाल्या आणि घरोघरी गेल्या.

सई, मिहिर, तुम्हाला कदाचित माहीत नसेल. मराठीत लग्नासाठी सुचवलेल्या मुलाला किंवा मुलीला, त्यांच्या घरादारासकट, 'स्थळ' म्हणतात. "स्थळ पाहायला जातो आहोत" याचा महाराष्ट्रात एकच अर्थ होतो, आणि तो मी सोडून सगळ्यांना माहीत होता.

बुधवारी संमतिपत्रं परत येऊ लागली. बऱ्याच जणांनी न वाचता सही केली होती. एका वडिलांनी खाली लिहिलं होतं, "मुलगा काय करतो?" एका मुलाच्या आईने लिहिलं होतं, "मुलीचा फोटो आधी पाठवावा." एकीच्या घरून संमतीसोबत टाचणी लावून जन्मपत्रिका आली होती. मी ती पत्रिका हातात धरून बराच वेळ उभी होते. हिचा पक्ष्यांशी काय संबंध, ते मला कळेना.

कळलं ते गुरुवारी. प्रात्यक्षिक चालू होतं. दारातून खणखणीत आवाज आला.

"स्थळ पाह्यनाऱ्या बाई कोन्त्या?"

पांढऱ्या लुगड्यातल्या, ताठ कण्याच्या म्हाताऱ्या बाई होत्या. हातात माझं पत्र. तिसऱ्या टेबलाशी उभ्या असलेल्या करुणाने कपाळावर हात मारला.

"मीच," मी म्हटलं.

"मी करुनाची आजी. गयाबाई. जय भीम."

"जय भीम. बसा ना."

"बसाले नाई आली. आमी पोरीले शिकाले धाडलं का उजवाले? बाप्पा! हे कालेजवाले कईपासून सोयरीकी जमवाले लागले?"

मी पत्र वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. पहिल्यांदाच ते मराठीत वाचलं म्हणा ना.

"आजी," मी म्हटलं, "हे पक्ष्यांचं स्थळ आहे हो."

"मंग पाखराचं लगन लावून राहिल्या का?"

अख्खी प्रयोगशाळा हसली. मीही हसले. गयाबाई हसल्या नाहीत. मी त्यांना सगळं समजावलं: घरटं, कडा, पत्रातली चूक. त्यांनी ऐकून घेतलं, मग स्टुलावर बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई, तुमाले गंमत वाटून राहिली. घरी इस्तो लागला." इस्तो म्हणजे विस्तव.

अमरावतीचं एक खरंखुरं स्थळ करुणाला आलं होतं. मुलगा नोकरीत, घर मोठं, माणसं वाईट नव्हती. पण लग्न याच वर्षी हवं होतं, आणि शिक्षणाचं "पुढं पाहू" म्हणत होते. प्रल्हादभाऊ दोन महिने हो-नाही करत होते. गयाबाईंनी त्यांना अडवून धरलं होतं. आणि मंगळवारी माझं पत्र गेलं.

"कागद वाचला आन् मले म्हने, माय, पाह्य, मॅडमसुदिक करुनासाठी पातूरचं स्थळ पाहून राहिल्या. म्हंजे येवढ्या शिकलेल्या बाईलेही वाटते का पोरीचं वय झालं. मंग अमरावतीच्यानं काय पाप केलं? रविवारी सांजच्याले ते लोक येऊन राहिले. पक्कं कराले."

मी करुणाकडे पाहिलं. ती खाली मान घालून एकच काचपट्टी पुन्हा पुन्हा पुसत होती.

"मी आजच तुमच्या घरी येते," मी म्हटलं. "प्रल्हादभाऊंना सांगते की ही माझी चूक आहे."

"तुमी नका येऊ. मोठं मानूस घरी आलं का तो हो म्हनते, आन् मांगून आपलंच करते. मी त्याले रविवारी पातूरले आनतो. त्याले दाखवा तुमचं स्थळ."

त्या संध्याकाळी तुमचे आजोबा परत आले. मी त्यांना पत्र दाखवलं. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "वऱ्हाडात राहून तुम्ही वऱ्हाडच काढलंत की!" मग मी रविवारचं सांगितलं, तेव्हा त्यांनी हसणं थांबवलं. "मसुदा करणाऱ्याने वाचणाऱ्याच्या घरात काय चाललं आहे ते जाणून लिहावं," एवढंच म्हणाले. वकील माणूस, खोचक बोलायचे, पण बरोबर बोलायचे.

रविवारी प्रल्हादभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले. गप्प माणूस. संध्याकाळी पाहुणे येणार म्हणून लवकर परतायची घाई. करुणा बसमध्ये त्यांच्यापासून दोन बाकं दूर बसली. गयाबाई मधल्या बाकावर, दोघांवरही लक्ष ठेवून.

खाणीवर पोचलो आणि मी मुलांना अलीकडेच थांबवलं. शिडी मी सोडली होती तिथेच होती. वरची अर्धी वाटी फुटलेली. चार पिसं दगडाला चिकटलेली. शिडीच्या पायऱ्यांवर वाळलेल्या चिखलाचे ठसे होते, गोल, नखांच्या खुणा नसलेले. मांजर. पायरीपायरीने वर गेलेलं आणि तसंच खाली आलेलं. ज्या भिंतीवर कुणालाही चढता येऊ नये म्हणून त्या जोडीने ती जागा निवडली होती, तिथे मी आठवडाभर जिना लावून ठेवला होता.

मुलं माझ्याकडे पाहत होती. चूक कबूल करायची मला सवय नव्हती. शिक्षकांना नसतेच.

"शिडी कोनं ठिवली?" गयाबाईंनी विचारलं.

"मी," मी म्हटलं. "पक्ष्याने जागा बरोबर निवडली होती. मांजराला वाट मी करून दिली." आणि मग तिथेच, प्रल्हादभाऊंकडे वळून म्हटलं, "पत्राचंही तसंच झालं, भाऊ. त्यात मी करुणासाठी काही सुचवलं नव्हतं. मला मराठी नीट लिहिता आलं नाही."

ते ओशाळले. "नाई नाई, मॅडम, तुमी कायले..." एवढंच म्हणून शिडीकडे पाहत राहिले.

"आयकलं का, पल्हाद?" गयाबाई म्हणाल्या. "बाईनं एक शिडी इथं लावली आन् एक आपल्या घरात. इथलं तं मांजरानं खाल्लं."

तेवढ्यात करुणा हळूच म्हणाली, "मॅडम, जोडी आहे."

जोडी खरंच तिथे होती. अंडी गेली की कडाभिंगऱ्या बऱ्याचदा नवीन जागा शोधतात. आम्ही खाणीच्या दुसऱ्या टोकाला, लांब जाऊन बसलो. मी घड्याळ काढलं. पुढचे अडीच तास माझ्या नोकरीतले सर्वांत चांगले अडीच तास, असं मी आजही म्हणते.

आधी दोन्ही पक्षी जुन्या जागेपाशी गेले, भिंतीला चिकटले आणि लगेच उडाले. मग एका रुंद, सपाट पायरीवर उतरले. इतकी छान जागा की मुलांनी एकमताने तीच पसंत केली. पक्षी तिथे चालले, वळले, खाली पाहिलं आणि गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले. तिसरी जागा फार उंचावर, पुढे आलेल्या दगडाखाली होती. खाली नुसती ताठ भिंत, बोट टेकायलाही खाच नाही. तिथे ते अकरा वेळा आले. दर वेळी चिकटायचे, मान वळवून वर पाहायचे, खाली पाहायचे आणि उडायचे.

बाराव्या खेपेला चोचीत चिखल होता.

प्रल्हादभाऊ उठून डबक्याकडे गेले. पक्षी जिथून चिखल उचलत होते तिथली माती त्यांनी चिमटीत घेऊन चोळली. रोपवाटिकेतला माणूस, मातीपुढे त्यांचा संकोच गेला.

"मॅडम, हे पाहा. इथं काळी मातीही हाये, जवळ हाये. पन ते काळी उचलून नाई राहिले. काळी वाळली का भेगा पडते. हे पांढरी, चिकट हाये. ते थेट इथंच येऊन राहिले."

हे मला तोवरच्या इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. मी ते वहीत लिहिलं आणि पुढे त्यांचं नाव घालून दरवर्षी वर्गात सांगितलं.

"पन ते रुंद जागा काहून सोडली?" त्यांनी विचारलं. प्रश्न मला होता, उत्तर करुणाने दिलं. सई, तुझ्या प्रश्नाचं उत्तरही हेच आहे, आणि माझ्यापेक्षा तिने चांगलं दिलं.

"बाबा, रुंद आहे म्हणूनच सोडली. तिथं आपल्यालाही उभं राहता येईल. मग मांजरालाही येईल, मुंगसालाही. ती वरची जागा आपल्याला धोक्याची दिसते, कारण आपल्याला उडता येत नाही. तिला येतं."

मग गयाबाई कडाभिंगरीकडे पाहतच म्हणाल्या, "अमरावतीचं घर लय ऐसपैस हाये म्हने. ना रे, पल्हाद?"

प्रल्हादभाऊंनी आईकडे पाहिलं आणि मान फिरवली. मग त्यांनी मला विचारलं, "घर पुरं व्हाले किती दिवस लागते याईले?"

"दोन-तीन आठवडे. कधी जास्त. एकेक गोळा आणायचा, तो वाळू द्यायचा, मग वरचा. घाई केली तर ओलं घरटं खाली येतं."

"आन् तुव्हं किती रायलं?" हे करुणाला.

"हे वर्ष," ती म्हणाली. मग धीर करून, "आणि मग दोन."

ते उठले. शर्टाच्या बाह्या वर केल्या, भिंतीशी गेले आणि ती शिडी उचलून खांद्यावर घेतली. वर्गातली मुलं मदतीला धावली, त्यांना हातानेच नको म्हणाले. चिखलातून एकट्याने ती शेतातल्या गोठ्यापर्यंत नेऊन आडवी ठेवली. परत आले तेव्हा इस्त्रीच्या शर्टावर दोन काळे पट्टे उमटले होते.

"चाला," ते म्हणाले. "सांजच्याले पाव्हने येनार हाये. त्याईले सांगा लागन."

परतीच्या बसमध्ये करुणा त्यांच्या बाकावर बसली होती.

पाहुण्यांना त्यांनी काय सांगितलं, हे मला गयाबाईंकडून कळलं. "तीन वर्सं थांबता का म्हने. त्याईनं चहा घेतला, चांगलं बोलले, थांबले नाई." माणसं भली होती, मी आधीच लिहिलं आहे. त्यांनाही त्यांची घाई असेल.

करुणा पुढे एम.एस्सी.ला गेली ती अमरावतीलाच. गयाबाई म्हणायच्या, "पोरगी अमरावतीले गेली, पन आपल्या पायानं गेली." आता ती एका तालुक्याच्या गावी प्राणिशास्त्र शिकवते. दरवर्षी मुलांना त्याच खाणीवर नेते. तिच्याजवळ स्टँडवरची चांगली दुर्बीण आहे आणि बसायची जागा तिने खाणीच्या पार पलीकडच्या काठावर ठरवून दिली आहे. तिच्या वर्गाची नोटीस तिने मला फोनवर पाठवली होती. विषय: स्थळनिवड. मी म्हटलं, "अगं, शब्द बदल." ती म्हणाली, "नाही मॅडम. या शब्दामुळे पालक पत्र वाचतात."

मी निवृत्त झाले त्याच वर्षी तिच्या लग्नाची पत्रिका आली. सोबत चिठ्ठी होती. "मॅडम, स्थळ मीच पाहिलं. सात महिने निरीक्षण केलं. नोंदवही सोबत जोडलेली नाही."

लग्नाला आम्ही दोघं गेलो. गयाबाई पहिल्या रांगेत खुर्चीवर होत्या. डोळ्यांनी कमी दिसत होतं, पण माझा आवाज त्यांनी ओळखला. भर मांडवात, शंभर माणसांना ऐकू जाईल अशा खणखणीत सुरात विचारलं,

"बाई, शिडी घरी ठिऊन आल्या ना?"

तेव्हा मिहिर, पुढच्या वेळी त्या बोटीत बसशील तर तुमच्या त्या खडूस नावाड्याचं नाव विचारून मला कळव. तो बरोबर होता. त्याला माझा नमस्कार सांग.

तुमची,
आजी